नऊ टक्के म्हणे!

डोकं फिरलंय, त्यामुळे तिखट लिहिणार. आधीच सांगून ठेवतो.

पोरीला सातपूरहून कॉलेजला जायला दोन बस बदलाव्या लागतात, म्हणून स्कूटर घ्यायची ठरवली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मुंबई नाक्याजवळच्या एका शोरूममध्ये गेलो. बाहेर फ्लेक्स, ‘फक्त 9% व्याज’. त्यातला नऊ माझ्या पोरीएवढा उंच आणि त्याच्या खांद्यावर मुंगीएवढी एक चांदणी. चांदणी कशाची, ते अख्ख्या फ्लेक्सवर कुठे नाही.

टेबलावरचा पोरगा साखरेत घोळलेला. लाखाचं कर्ज, तीन वर्षं, हप्ता 3,528. “काका, ओटीपी आला असेल बघा.” सांगितला. “अजून एक येईल.” तोही सांगितला. असे चार. कागद कुठंय विचारलं तर म्हणे, “व्हॉट्सॲपला येतोय ना काका.” आला की! रात्री साडेनऊला. स्कूटरला हार घालून, पेढे वाटून झाल्यावर. अठरा पानं, सगळी इंग्रजीत. त्यात तिसऱ्या पानावर एका चौकटीत लिहिलेलं, एपीआर (म्हणजे सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर) 20.3%.

नवाचे वीस कसे झाले? बायकोच्या किराण्याच्या वहीत मागच्या पानावर मांडून बघितलं. तो नऊ टक्के ‘फ्लॅट’. म्हणजे मी फेडून टाकलेल्या पैशावरही व्याज चालूच. शेवटच्या हप्त्याला त्यांचे जेमतेम साडेतीन हजार माझ्याकडे उरलेले असणार, पण व्याज पूर्ण लाखावर. तीन वर्षांचे 27,000. हेच घटत्या शिलकेवर धरलं तर सोळाच्या वर जातं. शिवाय प्रोसेसिंगचे 3,000 आणि विम्याचे 2,500 आधीच कापून घेतले, म्हणजे कर्ज मिळालं 94,500 आणि हप्ता लाखाचा. झाले वीस!

आणि हे सगळं कागदोपत्री नियमात बसवून, बरं का. रिझर्व्ह बँकेनं 15 एप्रिल 2024 ला परिपत्रक काढलं, 1 ऑक्टोबर 2024 पासून असल्या प्रत्येक नव्या कर्जाला केएफएस, म्हणजे कर्जाच्या मुख्य माहितीचा कागद, सक्तीचा. सगळे खर्च धरून वार्षिक दर त्यात हवा, कर्जदाराला समजेल अशा भाषेत हवा, आणि तो वाचून हो-नाही ठरवायला किमान तीन कामाचे दिवस हवेत. मला तीन मिनिटं तरी मिळाली का? फोन केला तर उलट मलाच ऐकवतात, “सर, केएफएस तुम्ही ॲक्सेप्ट केलाय, आमच्याकडे ओटीपीची नोंद आहे.” माझ्या भल्यासाठी काढलेला कागद त्यांनी माझ्याच तोंडावर फेकला!

भाऊबीजेला निफाडहून मामा आले. मामा म्हणजे शेतकरी संघटनेच्या शरद जोशींचा जुना गडी, 1980 च्या कांदा आंदोलनात रस्त्यावर बसलेला, लाल बिल्ला अजून कपाटात जपलेला. सरकार म्हटलं की त्यांच्या कपाळाची शीर उडते, आणि का उडू नये? डिसेंबर 2023 मध्ये एका रात्रीत कांद्याची निर्यात बंद केली, तेव्हा त्यांचा माल खळ्यावर होता. त्यांचं म्हणणं, “दोन शहाण्या माणसांच्या सौद्यात सरकारनं नाक खुपसू नये. चोर असंल तर पकडा. पण कुणी काय छापायचं हे सरकारनं कशाला सांगायचं? कागदाचा खर्च शेवटी तुझ्याच व्याजात घालतील.” त्यांचा पोरगा पुण्यात आयटीत, तो असलंच सगळं वाचत असतो. लिबर्टेरियन म्हणवतो स्वतःला, म्हणजे सरकार जितकं कमी तितकं बरं म्हणणारा. तो म्हणे अमेरिकेत 1968 साली कर्जाचा खरा खर्च लिहून द्यायचा असाच कायदा केला, त्याचे फॉर्म इतके माजले की 1980 मध्ये कायदा सोपा करायला दुसरा कायदा करावा लागला.

यातलं बरंचसं मला पटतं, म्हणून तर जास्त जळतं. अठरा पानं कोण वाचतो? पण मामा, त्या टेबलावर सौदा झालाच कुठं? मला नऊ माहीत, त्याला वीस माहीत. असल्या व्यवहारात दोन शहाणी माणसं कुठून आणायची? आणि लिहून द्यायची सक्ती काही दिल्लीच्या बाबूनं काल काढलेली नाही. 1875 ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला लोकांनी सावकारांची कर्जखतं जाळली, त्यानंतर 1879 च्या कायद्यात सावकारानं पावती द्यायची, हिशेब द्यायचा, हे आलंच होतं.

शेवटी विचारलं, “लासलगावला कांदा विकून हिशोबपट्टी न घेता ट्रॅक्टर काढता का हो?”

“ते येगळं,” मामा म्हणाले.

वेगळं कसं, ते काही सांगेनात. चहा आला. मग म्हणाले, दाखव तो तुझा कागद. नातीकडून मोबाइल घेतला, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि तिसरं पान बोटानं मोठं करत, नातीला विचारत विचारत एकेक ओळ बघत बसले. विम्याच्या ओळीवर बोट थांबलं.

“ही पॉलिसी तू मागितली होती का?”

“नाही.”

“मग ही चोरी आहे. उद्या चल, मी येतो संगं.”