बीडीडी चाळींच्या हिशोबात राहून गेलेली जागा

वरळीच्या बीडीडी चाळींतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या टॉवरमधल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. तेव्हापासून माझ्या टाइमलाइनवर दोनच सूर ऐकू येतात. एक, "चाळ संस्कृती संपली हो". दुसरा, "सुटले बिचारे एकदाचे". चाळीतल्या माणसांबद्दल सगळेच भरभरून लिहितायत. इमारतीबद्दल मात्र कुणी बोलत नाही, म्हणून हे लिहितेय.

आधी ही चाळ आली कुठून ते बघू. पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा मुंबईत भाडी वाढलेली आणि गिरणी कामगार एकेका खोलीत दाटीवाटीने राहत होते. गव्हर्नर जॉर्ज लॉइडने १९२० साली बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं, तेच आपलं बीडीडी. दक्षिण मुंबईत बॅकबेच्या समुद्रात भराव घालून जमीन करायचं कामही ह्याच खात्याकडे. शहरात येणाऱ्या कापसाच्या गाठीवर एक रुपया कर बसवून त्यातून घरं बांधायची, असा बेत होता. ठरवल्या होत्या पन्नास हजार खोल्या. झाल्या २०७ चाळी: वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाइल रोडला ३२, शिवडीला १२. एका चाळीत ऐंशी खोल्या धरल्या तर साडेसोळा हजारांच्या आसपास. ठरवल्याच्या एक तृतीयांश.

आणि बांधलेल्याही लगेच भरल्या नाहीत! वरळी तेव्हा कामगाराला लांब पडायची, भाडं परवडायचं नाही, जवळ बाजार नाही. कित्येक खोल्या रिकाम्या पडून होत्या. सविनय कायदेभंगाच्या काळात सरकारने वरळीच्या चाळींचा चक्क तात्पुरता तुरुंग केला. घर म्हणून बांधलेली इमारत तुरुंग म्हणून सहज चालून गेली, ह्यातच तिच्या रचनेबद्दल बरंच काही आलं.

रचना अशी. तळमजला अधिक तीन मजले. मधोमध जिना. मजल्याच्या आरपार जाणारा एक पॅसेज आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा खोल्या. खोली १६० चौरस फूट, तिच्यातच कोपऱ्यात मोरी. संडास मजल्यावर सामाईक. गिरगावातल्या जुन्या चाळींना बाहेरून लाकडी गॅलरी असते, तिथे ऊन येतं, वारा येतो, रस्ता दिसतो. बीडीडीत ती गॅलरीच इमारतीच्या पोटात घातली. एका पॅसेजवर दुप्पट खोल्या बसल्या, खर्च वाचला, आणि पॅसेजमध्ये भरदुपारी दिवा लावायची वेळ आली.

माझी मावशी नायगावच्या बीडीडीत राहायची. भिंती काँक्रीटच्या, साधा खिळा ठोकायचा म्हटलं तरी काका घामाघूम व्हायचे. पोटमाळ्यावर ट्रंका, गाद्या आणि परीक्षा जवळ आलेला एखादा मुलगा. मोरीशेजारी पिंप, त्याच्यावर फळी, फळीवर देव. रात्री पुरुष आणि मोठी मुलं पॅसेजमध्ये अंथरुणं टाकायची, म्हणजे आत बायकांना पाय पसरता यायचे. मावशी पहाटे बादली घेऊन संडासाकडे जायची ती उजाडायच्या आत, रांग लागण्याआधी. मासिक पाळीत, बाळंतपणात, म्हातारपणी गुडघे गेल्यावरही तेच. चाळीच्या आठवणी काढताना गहिवरणाऱ्यांना मी दर वेळी हे सांगते. घरात स्वतःचा संडास असणं ही चैन नाही. ५०० चौरस फुटांचं मालकीचं घर ह्या लोकांना मिळतंय ते त्यांच्या हक्काचं आहे, आणि फार उशिरा मिळतंय.

मग माझी तक्रार काय?

ह्या इमारतींत चांगलं जे होतं ते भिंतींच्या बाहेर होतं. दोन चाळींच्या मधली मोकळी जागा. चाळी एकमेकींपासून अंतर राखून, रांगेत उभ्या, आणि उंची चारच थरांची. त्यामुळे तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून आईने हाक मारली की खाली खेळणाऱ्या पोराला ती ऐकू यायची, आणि कुणाचं पोर पडलं हे वरून दिसायचं. कबड्डीची मैदानं तिथेच आखली गेली. गणपतीचा मांडव तिथेच, हळदही तिथेच, प्रेत खाली आणलं की माणसं जमायची तीही तिथेच. कामगारांच्या सभा तिथेच झाल्या. सगळं गोडच होतं असं नाही. ५ जानेवारी १९७४ ला वरळीत दलित पँथरच्या सभेत दगडफेक झाली आणि दंगल पेटली, तीही ह्याच चाळींच्या आवारात. पण भांडायलाही समोरासमोर यावं लागायचं, इतकी ती जागा सगळ्यांची होती.

पुनर्विकासाच्या हिशोबात ही जागा कुठेच नाही. खोलीच्या बदल्यात फ्लॅट, १६० च्या बदल्यात ५००, एवढंच कागदावर येतं. अंगण कुणाच्या भाडेपावतीवर नव्हतं, त्यामुळे त्याचा मोबदलाही कुणी मागितला नाही. चाळीस मजल्यांच्या टॉवरमधून खाली हाक पोचत नाही. लिफ्टने उतरून बाग गाठायची तर लहान मुलाबरोबर मोठं माणूस हवं, आणि ते तर कामावर गेलेलं. माझ्या मते घराची मापं बदलताना बाहेरच्या जागेचंही माप ठरवायला हवं होतं: माणशी किती, तळाला किती, किती मजल्यांवरून नजरेच्या टप्प्यात. उंच इमारत बांधूनही हे करता येतं, पण आधी ते कुणीतरी मागायला हवं.

शिवडीच्या चाळी बंदराच्या जमिनीवर आहेत, तिथला प्रश्न अजून लोंबकळत पडलाय. म्हणजे तिथल्या रहिवाशांना अजून वेळ आहे. कार्पेट एरियावर बैठका होतील तेव्हा तळमजल्यावरच्या मोकळ्या जमिनीचा नकाशाही टेबलावर मागून घ्या, आणि सही करायच्या आधी घरातल्या बायकांना तो दाखवा.

आणि कुठेतरी एक चाळ अख्खी ठेवावी, अशी माझी मनापासून मागणी आहे. रंगवून, दिवे लावून सजवलेली नको. अंधारा पॅसेज, मोरी, सामाईक संडास आणि समोरचं अंगण, सगळं जसंच्या तसं.