दोन कार्यालयांच्या मधली फाईल

नागपुरात सिमेंटचा नवा रस्ता झाला की काही महिन्यांत कोणत्या तरी वाहिनीसाठी तो फोडला जातो आणि आपण ‘यांच्यात समन्वयच नाही’ असे म्हणून मोकळे होतो. पण समन्वय न ठेवल्याने कोणत्या अधिकाऱ्याचे काय बिघडते? रस्ता महापालिकेचा, शेजारचे ले-आउट सुधार प्रन्यासाचे, वीजवाहिनी महावितरणची, पुढचा पूल सार्वजनिक बांधकाम विभागाचा. यांतला प्रत्येक जण आपल्या वरिष्ठांना उत्तर देतो. शेजारच्या कार्यालयाचे पत्र पडून राहिले म्हणून कोणाच्याही गोपनीय अहवालात शेरा उमटत नाही.

कायदे नाहीत असे नव्हे. ज्याला आपण दप्तरदिरंगाईचा कायदा म्हणतो, त्या 2005 च्या अधिनियमाप्रमाणे कोणतीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा अधिक काळ राहू नये, आणि दुसऱ्या विभागाचा अभिप्राय लागणार असेल तर तीन महिन्यांत निर्णय व्हावा. 2015 च्या लोकसेवा हक्क अधिनियमात तर पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत दंडही आहे. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी त्याचा उपयोग होतो, कारण तिथे अर्जदार असतो आणि तो अपील करतो. दोन कार्यालयांमधल्या पत्राला मात्र अर्जदारच नसतो. ते ‘अभिप्रायार्थ सादर’ होऊन स्वस्थ पडून राहते.

याची किंमत शहराने 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे मोजली. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचे पाणी घराघरांत शिरले. त्यानंतर प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेले आणि विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सर्व यंत्रणांना एका टेबलाशी बसवणारा अधिकारी पुरानंतर नेमता येतो, तर तो पावसाळ्यापूर्वी का नसावा?

दुसरा प्रश्न कार्यकाळाचा. त्याच 2005 च्या कायद्यात सर्वसाधारण तीन वर्षे सांगितली आहेत आणि सनदी अधिकाऱ्यांना किमान निश्चित कार्यकाळ द्यावा असे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये बजावले आहे. तरीही 2020 मध्ये तुकाराम मुंढे आपल्या महापालिकेत आयुक्त म्हणून जेमतेम सात महिने राहिले. त्यांची कार्यपद्धती सर्वांनाच पटत होती असे नाही, आणि मलाही ती पूर्णपणे पटत नव्हती. परंतु शहरातील नाले, वाहिन्या आणि ठेकेदार समजून घेण्यातच ज्याचे पहिले वर्ष जाणार, त्याच्याकडून सात महिन्यांत इतर यंत्रणांशी घडी बसवण्याची अपेक्षा कशी करायची?

प्रशिक्षण आणि ई-ऑफिसला माझा विरोध नाही, पण संगणकावरची फाईलही अडवून ठेवता येतेच. आधी तीन गोष्टी कराव्यात. आंतरविभागीय पत्राला मुदतीत उत्तर आले नाही, तर सुरक्षितता आणि पर्यावरणाचे विषय वगळून संमती गृहीत धरावी. संयुक्त कामाचे मूल्यमापन दोन्ही अधिकाऱ्यांच्या गोपनीय अहवालांत नोंदवावे. आणि मुदतपूर्व बदलीची कारणे, जी कायद्याप्रमाणे तशीही लेखी द्यावी लागतात, ती संकेतस्थळावर जाहीर करावीत. यांपैकी शेवटच्या गोष्टीसाठी तर एक शासन निर्णयही पुरेसा ठरावा.