मीठ विरघळवून काटा ‘बरोबर’ करणाऱ्यांसाठी

‘ह्युमिडॉर असलेल्या प्रत्येकाला पाठवा’ असा एक मेसेज सध्या फिरतोय. सिगार ठेवायच्या डब्यातला हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता दाखवणारी ती छोटी तबकडी, घरच्या घरी अचूक कशी करायची, याचे त्यात सहा मुद्दे आहेत. खाली हात जोडलेली चित्रं आणि ‘कंपन्या हे तुम्हाला कधीच सांगणार नाहीत’ हे ठरलेलं वाक्य. असले मेसेज मी न वाचता पुढे जातो. हाही तसाच सोडला असता. पण माझ्या मामांनी तो वाचला आणि, वाईट म्हणजे, त्याप्रमाणे केलंही.

मामांना निवृत्तीच्या वेळी सहकाऱ्यांनी लाकडी ह्युमिडॉर दिला होता. आतून सीडरचं अस्तर, झाकणात पितळी कडेची तबकडी. सिगार ते वर्षातून चार ओढतात, पण डबा रोज उघडून बघतात. मेसेज आल्यावर तीन आठवड्यांनी त्यांचा फोन आला. ‘अरे, काटा तर बरोब्बर सत्तरवर आहे, मग दोन सिगारींवर हे पांढरं कापसासारखं काय आलंय?’

सिगार ओढावी की नाही, हा वाद मला इथे घालायचा नाही. प्रश्न मापाचा आहे. मेसेज म्हणतो: (१) हायग्रोमीटर ओल्या फडक्यात गुंडाळा, तासाभराने काटा १०० वर आणा. (२) किंवा अर्धा कप पाण्यात मोठा चमचाभर मीठ ‘पूर्ण विरघळवून’ त्याच्याशेजारी बंद डब्यात ठेवा आणि काटा ७५ वर आणा. घाई असेल तर डबा उन्हात ठेवा. (३) मात्र ही चाचणी २१ अंशांनाच चालते. (४) नाहीतर फोनवरच्या हवामानाच्या ॲपमधली आर्द्रता बघून जुळवा. (५) दोन हायग्रोमीटर असतील तर सरासरी धरा. (६) डिजिटल असेल तर काहीच करू नका, तो कारखान्यातून अचूकच येतो.

आधी दुसरा मुद्दा घेतो, कारण मामांच्या सिगारी त्यानेच खाल्ल्या. त्यांनी फडकं सोडून मीठ निवडलं ते ‘हे जास्त शास्त्रीय वाटलं’ म्हणून. आणि वाटणारच, कारण मिठाची चाचणी खरीच आहे. मेसेजवाल्याने खऱ्या गोष्टीतला एकच शब्द बदललाय, आणि सगळी चाचणी त्याच शब्दावर उभी आहे.

बंद जागेत मिठाचं संपृक्त द्रावण ठेवलं की वरच्या हवेची सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाच्या हवेत मावेल त्याच्या किती टक्के वाफ आहे तो आकडा, ७५ टक्क्यांच्या आसपास येऊन थांबते. संपृक्त म्हणजे पाण्यात मावेल तेवढं मीठ विरघळलंय आणि वर न विरघळलेलं मीठ शिल्लक आहे. ते शिल्लक मीठच सगळं काम करतं. हवा जास्त ओली असली तर मिठाचं पाणी त्यातली वाफ ओढून घेतं आणि शिल्लक मिठातलं थोडं विरघळतं. हवा कोरडी असली तर पाणी उडतं आणि थोड्या मिठाचे पुन्हा खडे होतात. दोन्ही वेळा द्रावणाची तीव्रता तीच राहते, म्हणून वरची आर्द्रताही तीच. मीठ ‘पूर्ण विरघळवलं’ की हा आधारच काढून टाकला. मग ते नुसतं खारट पाणी, आणि ते किती खारट आहे त्यावर आर्द्रता ठरणार.

आता मेसेजचंच प्रमाण धरू. अर्धा कप म्हणजे साधारण १०० ग्रॅम पाणी, मोठा चमचाभर म्हणजे १५ ग्रॅम मीठ. १०० ग्रॅम पाण्यात खोलीच्या तापमानाला सुमारे ३६ ग्रॅम मीठ मावतं. म्हणजे हे द्रावण निम्मंही भरलेलं नाही, आणि त्याच्यावरची आर्द्रता येते ९१ टक्क्यांच्या आसपास. मामांच्या तबकडीने ९१ दाखवलं. मामा म्हणाले, हा तर १६ ने पुढे पळतोय! तबकडीच्या मागच्या खाचेत स्क्रू ड्रायव्हर घालून त्यांनी काटा ७५ वर ओढला.

पुढचं गणित कुणीही करावं. डब्यात खरोखर ७० टक्के आर्द्रता होती तेव्हा तबकडी दाखवू लागली ५४. मामांना वाटलं, सिगारी वाळताहेत. ते डब्यात ओलावा सोडणाऱ्या ह्युमिडिफायरमध्ये डिस्टिल्ड पाणी घालत राहिले, दोन-तीन दिवसांनी पुन्हा थोडं, असं करत काटा ७० वर आणला. तेव्हा आत खरे ८६ टक्के होते. सिगार साधारण ६५ ते ७० मध्ये ठेवतात. ८६ म्हणजे बुरशीला आवतण. आणि यात मामांचं काही चुकलं नाही. सांगितलं तसंच आणि नीट हाताने केलं. काळजी घेणारा माणूसच या मेसेजने जास्त बुडतो, कारण आळशी माणूस काट्याला हातच लावत नाही.

मागच्या आठवड्यात त्यांच्याकडे जाऊन मी चाचणी पुन्हा लावली. बाटलीच्या बुचात मीठ भरलं, थेंबाथेंबाने पाणी घालून ओल्या वाळूसारखं केलं. चमचा उभा राहील इतपत घट्ट, वर पाणी साचलेलं नाही. बूच आणि तबकडी झिपच्या पारदर्शक पिशवीत, एकमेकांना न लागता, हवा कोंडून बंद. चोवीस तास कुणी हात लावायचा नाही आणि काटा बाहेरूनच वाचायचा, कारण पिशवी उघडली की सुरुवात पहिल्यापासून. मीठ पातळ झालेलं दिसलं तर चाचणी रद्द, आणखी मीठ घालून परत. मिठात आयोडीन आहे का, हे मामांनी तीनदा विचारलं. या कामाला नेहमीचं मीठ चालतं.

दुसऱ्या दिवशी काटा ५९ वर होता. मामांनी जेवढा ओढला होता तेवढाच, १६ ने खाली. म्हणजे मुळात तबकडी बरोबर होती! मेसेजने एक चांगलं यंत्र बिघडवून दिलं, तेही मालकाच्या हातून. मामा पिशवीकडे बघत बसले, मी काही बोललो नाही.

हे ७५ आलं कुठून, असं विचारणाऱ्यांसाठी: अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सच्या संशोधनपत्रिकेत १९७७ साली लुईस ग्रीनस्पॅन यांनी २८ संपृक्त द्रावणांवरच्या आर्द्रतेचे तक्ते तापमानानुसार छापले. प्रयोगशाळा आजही त्यांचा आधार घेतात. साध्या मिठाची ओळ अशी: शून्य अंशाला ७५.५, पंचवीसला ७५.३, चाळीसला ७४.७. चाळीस अंशांच्या फरकात एक टक्काही हलत नाही. तेव्हा ‘२१ अंशांनाच चालते’ हा तिसरा मुद्दा याच ओळीने निकालात निघाला.

उन्हाचं मात्र वेगळं आहे. तापमान किती आहे याने फारसं बिघडत नाही, पण मीठ आणि हायग्रोमीटर दोन्ही एकाच तापमानाला असले पाहिजेत. हायग्रोमीटर मिठापेक्षा एक अंशाने जरी गरम असला, तरी त्याच्याजवळची आर्द्रता चार-साडेचार टक्क्यांनी कमी भरते. उन्हात धातूची तबकडी आधी तापणार की ओलं मीठ, हे सांगायला तक्ता लागत नाही. ज्या घाईने दोन टक्क्यांची चूक शोधायची, तिनेच आठ-दहा टक्क्यांची नवी घालायची, असा हा सल्ला.

ओलं फडकं. इथे अर्धं खरं आहे ते नाइलाजाने कबूल करतो. स्वित्झर्लंडचे शास्त्रज्ञ सोस्यूर यांनी १७८३ मध्ये माणसाच्या केसावर चालणाऱ्या हायग्रोमीटरवर ग्रंथ लिहिला. केस ओलाव्याने लांबतो, पूर्ण कोरड्यापासून पूर्ण ओल्यापर्यंत सुमारे दोन-अडीच टक्के. असा केसाचा हायग्रोमीटर बरेच दिवस कोरड्या हवेत राहिला की सुस्तावतो आणि ओल्या फडक्यात ठेवल्यावर पुन्हा ताळ्यावर येतो. ही जुनी आणि योग्य रीत आहे. पण ती केसाला जागं करण्याची रीत आहे, आणि ह्युमिडॉरच्या झाकणातल्या बहुतेक स्वस्त तबकड्यांमध्ये केस नसतोच. त्यांच्यात धातूची बारीक गुंडाळी आणि तिच्यावर ओलावा शोषणारा थर असतो. शिवाय फडक्याच्या आत १०० टक्के होतात हे कुणी मोजलं? घडीतून हवा शिरते, पाणी उडताना फडकं गार पडतं, आणि आतली आर्द्रता ९५ आहे की ९८, हे ज्याने सांगायचं त्याचीच तर परीक्षा चाललीय. बरं, खरोखर १०० असले तरी आपल्याला काटा ७० ला बरोबर हवाय. पट्टीच्या टोकाला तो जुळवला म्हणून मध्ये जुळेल, याची हमी या तबकड्या देत नाहीत.

मिठाची चाचणीही एकाच ठिकाणी तपासते, हा आक्षेप कुणी घेईल. मान्य. पण ७५ आणि ७० शेजारी आहेत. मॅग्नेशियम क्लोराइडने ३३ टक्क्यांनाही तपासता येईल, पण ३३ टक्क्यांत सिगार कोण ठेवतो?

ॲपचा मुद्दा तर हसण्यावारी न्यावा असा. बाहेर १५ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असेल आणि तीच हवा खोलीत येऊन २५ अंशांना पोचली, तर तिची सापेक्ष आर्द्रता ४८ उरते. वाफ तेवढीच, पण गरम हवेच्या मानाने कमी. ॲप सांगतं बाहेरच्या हवेचं आणि तुमची तबकडी आहे बंद लाकडी पेटीत. यांचा एकमेकांशी काय संबंध? सरासरीचा मुद्दाही तसाच: दोन्ही हायग्रोमीटर सहा-सहा टक्के पुढे असले तर सरासरीही सहा टक्के पुढेच.

राहिला डिजिटल. त्याच्या सेन्सरमध्ये दोन विद्युतपट्ट्यांच्या मध्ये प्लॅस्टिकसारख्या पदार्थाचा पातळ थर असतो. तो ओलावा शोषतो, त्याची विद्युतधारिता (वीजभार साठवण्याची क्षमता) बदलते आणि त्यावरून आकडा काढतात. हा थर कायम तसाच राहत नाही. रसायनांच्या वाफा लागल्या किंवा ८० टक्क्यांच्या वर बरेच दिवस काढले की आकडा सरकतो. मेसेजचा पहिला मुद्दा डिजिटलवर करून बघणाऱ्यांनी हे शेवटचं वाक्य परत वाचावं. डिजिटललाही वर्षातून एकदा तीच मिठाची पिशवी. चुकीचा निघाला आणि जुळवायचं बटण नसलं, तर मागे चिकटपट्टी लावून तिच्यावर ‘३ वजा’ लिहून ठेवायचं. माझ्या एकावर तसंच लिहिलेलं आहे. मिठाचा कंटाळा असेल त्यांच्यासाठी बोवेडा कंपनीची ७५ टक्क्यांची तयार पिशवी मिळते, तीही चालेल.

मामांचा काटा आता १६ ने वर, जिथे होता तिथे परत आलाय. दोन सिगारी टाकल्या, बाकीच्या काढून वेगळ्या ठेवल्यात, डबा झाकण उघडं ठेवून वाळतोय. मी निघताना ते फोन हातात घेऊन बसले होते. म्हणाले, ‘मी हा अकरा जणांना पाठवला होता रे. त्यातल्या चौघांकडे डबा आहे.’ मग चष्मा लावून त्यांनी पहिला नंबर शोधायला घेतला.