दोन हजारांत स्प्लेंडरची पॉवर डबल होत नाही

गेल्या आठवड्यात पुतण्यानं गाडी दारात आणून लावली. चार दिवस उभी होती, आता चालूच होईना, म्हणाला. कार्बोरेटरचा बाऊल, म्हणजे पेट्रोल साठणारी वाटी, उघडला तर तळाला पांढरे चकचकीत पापुद्रे, आणि वास जुन्या ट्रंकेतल्या कपड्यांचा. "टाकीत काय घातलंस?" दोनदा दरडावल्यावर त्यानं मोबाईल पुढं केला.

'फक्त 2 हजारांत स्प्लेंडरची पॉवर डबल.' टाकीत डांबराच्या गोळ्या टाका, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) वाढवा, एअर फिल्टर काढा, सायलेन्सर मोकळा करा, आरटीओला काही कळत नाही. त्याच्या प्रत्येक ग्रुपवर हा मेसेज 'नाद खुळा' लिहून पुढं ढकललेला. कोल्हापूरच्या उद्यमनगरात इंजिनाचे ब्लॉक बोअर करण्यात माझी 22 वर्षं गेलीत. आपल्याच घरातलं पोरगं असलं काही वाचून गोळ्या टाकतं, याचा संताप येतो.

आधी गोळ्या. त्यातलं नॅप्थलीन पेट्रोलमध्ये विरघळतं, त्यानं ऑक्टेन थोडं वाढू शकतं, इतकं मान्य करतो. पण ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. दाबाखाली पेट्रोल आपोआप पेटून इंजिन ठोकू नये, त्याचं ते माप. साध्या पेट्रोलवर स्प्लेंडर ठोकत नाही, मग वरचं ऑक्टेन देऊन तिला मिळणार काय? उलट नॅप्थलीन 80 अंशांपर्यंत घट्टच राहतं. गाडी उभी राहिली की बाऊलमधलं पेट्रोल उडून जातं आणि हे मागं उरतं. पेट्रोल सोडणाऱ्या जेटचं भोक सुईच्या टोकाएवढं, ते बुजायला कितीसं लागतं? शिवाय बाजारातल्या कित्येक गोळ्या नॅप्थलीनच्या नसतातच, पॅराडायक्लोरोबेन्झिनच्या असतात. त्यात क्लोरीन असतं. ते जळलं की हायड्रोक्लोरिक ॲसिड तयार होतं, आणि ते व्हॉल्व्हवरून सायलेन्सरमध्ये जातं. गंज कुठून आला म्हणून मग विचारू नका.

आता बोअर. हे माझं रोजचं काम, म्हणून हिशेब मांडतो. स्प्लेंडरचा बोअर 50 मिमी, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, 49.5, म्हणजे 97.2 सीसी. बोअर 1 मिमीनं वाढवला तर होतात 101 सीसी. वाढ चार टक्के. 2 मिमी वाढवला तर 105. सीसी दुप्पट करायला बोअर 70 मिमीच्या वर न्यावा लागेल. तेवढी जागा त्या ब्लॉकमध्ये नाही, ब्लॉक आवळणारे स्टडच आडवे येतात! स्लीव्ह, म्हणजे सिलिंडरची आतली नळी, पातळ झाली की उष्णता सोसत नाही, बोअर अंडाकृती होतो आणि पिस्टन चिकटतो. झिजलेला ब्लॉक पाव-पाव मिलिमीटरनं ओव्हरसाइज करतात, पण ती दुरुस्ती आहे. रेसवाले इंजिनाची ताकद खरंच वाढवतात. त्यासाठी हेड, कॅम, कार्बोरेटर, इग्निशन सगळं एकमेकांशी जुळवावं लागतं. त्याचा खर्च दोन हजारांच्या कितीतरी पट होतो, आणि ते इंजिन रोज कामावर जाण्याइतकं टिकत नाही.

एअर फिल्टर काढा म्हणणाऱ्यानं एकदा असा ब्लॉक हातात घेऊन बघावा. चांगल्या बोअरच्या भिंतीवर होनिंगच्या, म्हणजे दगडानं घासून पाडलेल्या, तिरक्या रेघा असतात, तेल त्यांत धरून राहतं. फिल्टरशिवाय पळवलेल्या गाडीत त्या पुसून गेलेल्या असतात आणि वरपासून खालपर्यंत उभे ओरखडे पडलेले असतात, बोटाला लागतील असे. ऊस हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागून जाताना किती धूळ उडते हे आपल्याकडं कुणाला सांगायला नको. वर हवा जास्त आणि पेट्रोल तेवढंच, म्हणजे मिश्रण पातळ, प्लग पांढरा, पिस्टन तापलेला.

सायलेन्सरचं थोडं खरं आहे. वरच्या आरपीएमला किंचित फरक पडतो, तोही जेटचं माप त्याला जुळवलं तर. शंभर सीसीच्या गाडीत तुम्हाला जाणवतो तो फक्त आवाज.

आणि आरटीओ. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं, आरसी बुकातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत करायचा नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच ठणकावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम 182ए नव्यानं लिहिलं गेलं: परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे 5 हजार रुपये दंड, किंवा 6 महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पावती मालकाच्या नावावर फाटते, मेसेज पाठवणाऱ्याच्या नाही.

पोराची खरी तक्रार इतकीच होती की डबल सीट पन्हाळा चढताना गाडी दम टाकते. टाकी रिकामी केली, जेट धुतलं, टॅपेट सेट केले, चेन ताणून तेल दिलं, टायरात हवा भरली. पुढं एक दात कमी असलेलं स्प्रॉकेट घातलं तर चढाला जोर मिळेल, टॉप स्पीड कमी होईल, हेही सांगितलं. त्याला ते पटलं.

ज्या मित्रानं त्याला मेसेज पाठवला, त्याची गाडी महिनाभर फिल्टरशिवाय फिरतीय म्हणे. त्याला निरोप धाडलाय, उद्या सकाळी गाडी चालू न करता ढकलत घेऊन ये.