वाटी मागे सरकते

उरलेलं अन्न टाकायचं आपल्या जिवावर येतं, म्हणून ते आपण आधी फ्रिजमध्ये ठेवतो आणि मग टाकतो. नासाडी तेवढीच, वर वीजबिल. आमच्याकडे तर याची रीतसर पद्धतच आहे, उरलेली भाजी आज मोठ्या डब्यात, उद्या मधल्या डब्यात, मग वाटीत, वाटीवर बशी (कारण त्या मापाचं झाकण घरात कधीच नसतं, सगळी झाकणं दुसऱ्याच डब्यांची) आणि मग ती वाटी हळूहळू इतकी मागे सरकते की शोधायला मोबाईलचा टॉर्च लागतो. सापडली की एकजण वास घेतो आणि दुसऱ्याच्या नाकाखाली धरतो, "तू बघ गं जरा." आता वासाचं तसं काही खरं नसतं, आजारी पाडणारे जंतू बिनवासाचेही असतात, पण हे सांगितलं तरी नाक पुढे येतंच.

संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात वाचलं, २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६० टक्के घराघरातून. मी उठून आमच्या वाटीकडे बघून आले.

मग नियम आणले. फ्रिज ४ अंशांच्या वर जाऊ द्यायचा नाही, उरलेलं दोन तासांच्या आत आत गेलं पाहिजे आणि तीन-चार दिवसांत संपलं पाहिजे. दूध दारात ठेवायचं नाही कारण दार सारखं उघडतं, तिथे गारवा टिकत नाही. पण बाटल्यांचा कप्पा कंपनीने दारातच दिलाय, आता ऐकायचं कुणाचं?

सफरचंद आणि केळी इथिलीन नावाचा वायू सोडतात. म्हणजे स्वतः पिकणार ते पिकणार, शेजारच्या पालेभाजीलाही पिवळी करणार. बटाटा फ्रिजमध्ये ठेवला की त्यातल्या स्टार्चची साखर होते, म्हणून तो बाहेर, पण अंधारात. कांद्याला हवा हवी आणि बटाट्याचा शेजार नको, बटाट्याच्या ओलीने तो लवकर सडतो. पालेभाजी कोरडी करून कापडात गुंडाळायची. एवढे मानपान सांभाळायचे म्हणजे ओट्यावर स्वयंपाकाला जागा कुठली राहायला!

कुणी म्हणालं, डब्यावर तारीख लिहा. चिकटपट्टी आणली, पेन फ्रिजवर ठेवलं, पेन लगेच गायब झालं ते सोडा. परवा फ्रीझरमधून बर्फाने पांढरा झालेला एक डबा निघाला, त्यावर कुणीतरी नुसतं '१२' लिहिलेलं. महिना नाही, काही नाही. १२ तारीख की आत १२ नग, यावर भरपूर चर्चा झाली, प्रत्येकाने डबा हलवून पाहिला, उघडला मात्र कुणीच नाही. उणे १८ अंशात राहिलेलं अन्न खराब होत नाही, चव तेवढी उतरते, हे मी वाचलेलं सांगून बसले. मग काय, डबा परत आत, आणि पुढच्या १२ तारखेला बघायचं ठरलं.