वय झालं की लघवीवरचा ताबा जाणारच? त्या फॉरवर्डला उत्तर

सध्या फॅमिली ग्रुपवर एक मेसेज फिरतोय की वृद्धाश्रमातल्या आजी-आजोबांचे कपडे ओले होतात ते वयामुळेच, त्याला इलाज नाही, पाणी कमी द्या आणि चोवीस तास डायपर लावून ठेवा. वाचून खरंच वाईट वाटलं, कारण लोक हे मनापासून खरं मानून तसं वागतात.

'वयामुळेच' म्हणे. वयाने रात्री जास्त उठावं लागतं हे बरोबर. पण अमेरिकेतल्या अशा निवासी संस्थांवर खूप अभ्यास झालाय, तिथे निम्म्याहून जास्त लोकांना हा त्रास असतो, आणि पुन्हा पुन्हा पुढे येणारी दोन मोठी कारणं म्हणजे नीट चालता न येणं आणि डिमेन्शिया (म्हातारपणीचा स्मृतिभ्रंश). म्हणजे कित्येकदा माणूस टॉयलेटपर्यंत पोचतच नाही, गुडघे आखडलेत, पलंगाचे कठडे वर केलेत, बेल दाबली तर मावशी दुसऱ्या खोलीत अडकल्यात आणि पायजम्याची नाडी काही सुटत नाही, मग काय होणार?

'इलाज नाही' हे तर साफ चूक. आधी गोळ्यांची पिशवी बघा. लघवी जास्त होण्याची गोळी संध्याकाळी दिली जातेय का? बीपीच्या अ‍ॅम्लोडिपिनने पाय सुजले असतील तर रात्री आडवं झाल्यावर तेच पाणी लघवीवाटे निघतं. डिमेन्शियाच्या डोनेपेझिलने कधी लघवीची घाई वाढते, मग त्यावर घाई कमी करणारी ऑक्सिब्युटिनिन सुरू होते आणि त्याने विसराळूपणा अजून वाढू शकतो. गोळ्या मनाने बंद करू नका, पण डॉक्टरांना विचारा तरी! बद्धकोष्ठता, शुगर, इन्फेक्शन हेही बघायचं. आजोबांना थेंबथेंब गळत असेल तर प्रोस्टेट ग्रंथी वाढल्यामुळे मूत्राशय तुडुंब भरून राहिलेलं असू शकतं, सोनोग्राफीत ते कळतं.

पाणी तोडू नका. लघवी दाट होऊन घाई उलट वाढू शकते, शौचाला खडा होतो. झोपायच्या आधीचे दोन तास कमी प्यायले तर चालेल, दिवसभर नाही.

आणि डायपर. दर दोन तासांनी 'जायचंय का?' विचारून, हाताला धरून नेलं तर साधारण २५ ते ४० टक्के लोकांचं ओलं होणं बरंच कमी होतं, आणि कोणाला फायदा होईल ते तीन दिवसांतच बहुतेक कळतं. माणसं कमी असतात हे मान्य, मग निदान दिवसा तरी करा. जे अजिबात उठू शकत नाहीत त्यांना डायपर लागणारच, फक्त तो वेळेवर बदला, नाहीतर कातडी सोलवटते आणि जखमा होतात.