गोळीतला ‘भुसा’ नेमके काय करतो

‘गोळीत औषध नखभर, बाकी सगळा भुसा, सुधारित एक्सिपियंट हे कंपन्यांनी भेसळीला दिलेले गोंडस नाव आहे, म्हणून वरचे आवरण धुऊन टाका आणि गोळी कुटून घ्या’ असा संदेश सध्या फिरतो आहे. (एक्सिपियंट म्हणजे मूळ औषधाखेरीज गोळीत घातलेले, ‘निष्क्रिय’ म्हटले जाणारे घटक.) माझ्या मावशीने तो वाचून रक्तदाबाची चोवीस तास पुरणारी गोळी कुटून पाण्यातून घेतली, तेव्हा मला हे लिहावेच लागले.

आधी कुटण्याविषयी. दीर्घकाळ काम करणाऱ्या अनेक गोळ्यांत हायप्रोमेलोज नावाचे, सेल्युलोजपासून बनवलेले द्रव्य असते. ओल लागताच ते फुगते, गोळीभोवती जेलसारखा थर धरते आणि त्या थरातून औषध कित्येक तास थोडेथोडे झिरपत राहते. गोळी कुटली की हा बांध फुटतो आणि दिवसभराचे औषध एकदम रक्तात उतरू शकते. आवरणाचेही तेच: आम्लपित्तावरचे पँटोप्राझोल जठरातल्या आम्लात नष्ट होते, म्हणूनच त्यावर थेट आतड्यात विरघळणारा लेप चढवतात. तो धुवायला सांगणारा माणूस औषधच वाया घालवायला सांगतो आहे.

‘नखभर औषध’ हे हिशेबापुरते खरे आहे. थायरॉईडसाठीच्या लेव्होथायरॉक्सिनची मात्रा 50 किंवा 100 मायक्रोग्रॅम असते. एवढी नुसती भुकटी संदेशकर्त्याने चिमटीत धरून दाखवावी. ज्याला तो भुसा म्हणतो ते मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज लाकडाच्या लगद्यापासून मिळते हेही खरे, पण ते शुद्ध केलेले असते आणि भाज्यांच्या तंतूंतही सेल्युलोजच असते. त्याच्या एका सुधारित प्रकारात सुमारे 2 टक्के सूक्ष्म सिलिका एकजीव केलेली असते. त्यामुळे भुकटी यंत्रात सहज वाहते, गोळ्यांची वजने सारखी राहतात आणि ओलावा न सोसणारे औषध पाण्याविना थेट दाबता येते. मॅग्नेशियम स्टिअरेटला विष ठरवणेही असेच: गोळी साच्याला चिकटू नये म्हणून ते बहुधा 1 टक्क्याच्या आसपास घालतात, आणि जास्त झाले तर गोळी उशिरा विरघळते, हा त्याचा खरा दोष.

‘निष्क्रिय घटक’ हा शब्द फसवा आहे, एवढे मात्र नाइलाजाने मान्य करतो. 1968 च्या सुमारास ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनमध्ये अपस्मारावरच्या फेनिटॉइनच्या कॅप्सूलमध्ये भरण म्हणून घातलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या जागी लॅक्टोज आले. औषधाची मात्रा तीच होती, पण शोषण वाढले आणि अपस्माराच्या अनेक रुग्णांत विषबाधेची लक्षणे दिसली. 1970 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्याची नोंद झाली. मग जो घटक नुसता बदलल्याने रुग्ण आजारी पडले, तो चाचणीविना घरच्या घरी धुऊन काढा म्हणणे कोणत्या तर्कात बसते?

मावशीने नंतर कबूल केले की तिला गोळी गिळताना त्रास होतो, म्हणून तो सल्ला तिला सोयीचा वाटला. तिने हे आता डॉक्टरांना सांगितले आहे.